मीठ पांढरं, माणूस सावळा

मिठागरात कॅमेऱ्याचा अंदाज हमखास चुकतो, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. त्याचं मीटर एका गृहीतावर चालतं: समोरच्या दृश्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण १८ टक्के उजेड परत येतो, म्हणजे जग सरासरीने मधल्या राखाडी छटेचं आहे. भातशेतीला, डांबरी रस्त्याला, बाजारातल्या गर्दीला हे चालून जातं. मिठाच्या राशीला चालत नाही. रास जवळजवळ सगळा उजेड परत फेकते. मीटरला वाटतं, उजेड फार झाला. मग ते उजेड कापतं आणि पांढरीशुभ्र रास सिमेंटच्या ढिगासारखी राखाडी करून टाकतं. राशीशेजारी उभा असलेला माणूसही त्याच हिशेबात दोनेक स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली ढकलला जातो. आधीच सावळा, त्यात डोक्यावर ऊन, डोळ्यांच्या खोबणीत सावली. फोटोत त्याचा चेहरा उरतच नाही.

आमचं उमेळे नायगाव आणि वसई रोड या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात, रुळांच्या पश्चिमेला. या बाजूला खाडी, खाजण आणि मिठागरं नजरेसमोर असतात. पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. नोकरी सांभाळून सुट्टीच्या सकाळी कॅमेरा घेऊन निघालं की पाय आपोआप मिठागराकडे वळतात. त्यामुळे फोटोतले टोन कसे लावायचे हे शिकणं माझ्यासाठी पहिल्यापासून याच एका प्रश्नाशी जोडलेलं राहिलं: मीठ पांढरं राहिलं पाहिजे आणि माणूस त्याच्या स्वतःच्या रंगात दिसला पाहिजे. दोन्ही एकाच चौकटीत.

पांढऱ्यापासून सुरुवात करतो, कारण संगणकावर मी तिथूनच सुरुवात करतो.

उधाणाला खाडीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालून अडवायचं आणि एका खाचरातून पुढच्या खाचरात उतरवत उन्हावर आटवायचं. पाणी दाट होत जातं. आधी जिप्सम खाली बसतं, आणि घनता बोमेच्या मापावर पंचविसाच्या आसपास पोचली की मीठ पिकायला लागतं. लाकडी फळीने ते ओढून बांधाच्या कडेला लावतात, निथळू देतात, मग डोक्यावरून वाहून मोठी रास रचतात. या सगळ्या प्रवासात मिठाचा पांढरा रंग सारखा बदलत असतो. नुकतं ओढलेलं मीठ ओलं, तळच्या चिखलाची किंचित झाक असलेलं, राखाडीकडे झुकणारं. निथळल्यावर ते उजळतं. दुपारच्या राशीची उन्हाची बाजू डोळ्यांना सहन होत नाही, आणि तिचीच सावलीतली बाजू आकाशाच्या उजेडामुळे निळसर दिसते. हंगामाच्या शेवटी राशीवर धुळीची पिवळट साय चढलेली असते.

हे सगळे पांढरे एकाच फोटोत असू शकतात. आठ बिटच्या जेपेग फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात. २५५ म्हणजे कोरा कागद. तिथे मीठ नाही, काहीच नाही. उन्हातल्या राशीचे टोन मी २३० ते २४८ च्या दरम्यान ठेवतो आणि २५५ ला फक्त खड्यांची लखलख जाऊ देतो. ती लखलख जळलेलीच असते, डोळ्यांनाही तिच्यात काही दिसत नाही. पण राशीचा उतार, फळीचे ओरखडे, पाटी ओतताना घसरलेल्या खड्यांच्या रेघा हे सगळं त्या अठरा-वीस पायऱ्यांत मावतं. ते गेलं की मिठाचा कापूस होतो.

हिस्टोग्राम वाचायला मी इथेच शिकलो. त्या डोंगराच्या आलेखात डावीकडे सावल्या, उजवीकडे उजेड, आणि उंची म्हणजे त्या टोनचे पिक्सेल किती. बहुतेक धडे सांगतात की डोंगर मधोमध असला की फोटो बरा. मिठागराचा डोंगर मधोमध असेल तर मीठ राखाडी झालेलं असतं. इथे डोंगर उजव्या भिंतीला जवळजवळ टेकलेलाच हवा. आणि तीन रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे बघायला हवेत, कारण संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लाल चॅनल सगळ्यांआधी भिंतीला धडकतो. एकत्रित आलेख अजून सुरक्षित दिसत असतो आणि मिठावरचं सोनेरी ऊन मात्र सपाट पिवळा डाग झालेलं असतं. कॅमेऱ्याच्या पाठीवरचा हिस्टोग्राम जेपेगवरून काढलेला असतो, सेन्सरची कच्ची नोंद असलेल्या रॉ फाइलमध्ये त्याहून थोडी जागा शिल्लक असते. ती जागा किती, हे प्रत्येक कॅमेऱ्याचं वेगळं. आपल्या कॅमेऱ्याची सवय झाली की तेवढा उजेड धीटपणे वाढवता येतो.

उजेड धीटपणे वाढवण्याचं कारण राशीत नाही, माणसात आहे. सेन्सर उजेड सरळ मोजणीने मोजतो. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये ४०९६ पायऱ्या असतात. त्यातल्या २०४८ सगळ्यात उजळ एका स्टॉपमध्येच खर्च होतात. त्याखालच्या स्टॉपला १०२४, मग ५१२, मग २५६. मिठाच्या वाट्याला हजारो आणि पाचसहा स्टॉप खाली, टोपलीच्या सावलीत असलेल्या चेहऱ्याच्या वाट्याला शंभराच्या आत. मीटरच्या म्हणण्याप्रमाणे काढलेल्या फोटोतला चेहरा नंतर संगणकावर वर ओढला की त्या मोजक्या पायऱ्याच ताणल्या जातात. गालावर रंगीत दाणे येतात, कपाळावर पट्टे दिसतात. म्हणून मिठागरात मी मीटरच्या वर दीड ते दोन स्टॉप देऊन फोटो काढतो. शक्यतो सकाळी, ऊन तिरपं असताना. तेव्हा समोरच्या मिठावरून परत आलेला उजेड चेहऱ्याच्या खालच्या बाजूला भरून येतो आणि फरक मुळातच कमी होतो. दुपारी बारा वाजता कुठलाही स्लायडर ते काम तितकं नीट करत नाही.

आता मधला भाग, जिथे माणूस राहतो. डोळा सरळ मोजणीने बघत नाही. १८ टक्के उजेड परत करणारी वस्तू आपल्याला काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मध्यावर वाटते, आणि नेहमीच्या एसआरजीबी फाइलमध्ये ती ११८ च्या आसपास येते. माझ्या फोटोंतले बरेच चेहरे त्या आकड्याच्या आगेमागे आणि खाली आहेत. कर्व्हमध्ये, म्हणजे कुठला टोन कुठे न्यायचा हे ठरवणाऱ्या रेषेत, मी दोन्ही टोकं आधी बसवतो, वर मीठ आणि खाली चिखलाचा काळा, आणि मग मधे एकच बिंदू धरून चेहऱ्यासाठी हलवतो. टोकं बांधली की कर्व्ह एका जागी उभा केल्यावर दुसऱ्या जागी आडवा पडतोच. चेहऱ्याला उठाव दिला तर मिठाचा उठाव थोडा जातो. किती जाऊ द्यायचा, हाच सगळा निर्णय आहे, आणि तो कुठल्याही ‘ऑटो’ बटणाला घेता येत नाही, कारण त्याला माणूस कुठला आणि मीठ कुठलं हे महत्त्वाचं वाटत नाही.

शॅडोचा स्लायडर उजवीकडे पूर्ण ओढण्याचा मोह मी समजू शकतो. अंधारातलं सगळं दिसायला लागतं, पहिल्यांदा बघणाऱ्याला ते चमत्कारासारखं वाटतं. पण डोक्याभोवती उजळ कड येते, सावलीतलं वजन जातं आणि माणूस पाठीमागच्या राशीवर कापून चिकटवल्यासारखा दिसतो. कडक उन्हात काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर सावली असते. ती पुसली तर ऊनही पुसलं जातं.

आकड्यांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. एमआयटीच्या एडवर्ड एडेल्सन यांनी १९९५ मध्ये एक चित्र तयार केलं: बुद्धिबळासारखा पट, त्यावर एका नळकांड्याची सावली. सावलीबाहेरचा काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन अगदी एकाच राखाडीचे असतात, मोजून बघितलं तरी डोळा मानत नाही. मिठागरात हे रोज घडतं. एकच चेहरा राशीपुढे काळा वाटतो आणि ओल्या चिखलाच्या बांधापुढे उजळ. म्हणून पडद्यावर काम करताना मी मधूनमधून राशीवर हात धरून चेहरा एकटा बघतो, मग हात काढतो. दोन्ही वेळा तो त्याच माणसाचा वाटला पाहिजे.

‘त्याच माणसाचा’ म्हणजे काय, हे मात्र मला फोटोग्राफीच्या धड्यांनी सांगितलं नाही. अॅन्सल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या सुमारास झोन सिस्टिम बांधली. शुद्ध काळ्यापासून शुद्ध पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे अकरा झोन. फोटो काढण्याआधीच कुठली वस्तू कुठल्या झोनमध्ये पडेल हे ठरवायचं. त्या पद्धतीत गोऱ्या युरोपीय त्वचेची जागा सहावा झोन आहे, गडद त्वचेची पाचवा. अॅडम्स यांनी दोन्ही जागा लिहून ठेवल्या, पण पुढे शिकवणाऱ्यांच्या तोंडी बहुतेक एकच उरली. व्हिडिओवाले झेब्रा (ठरवलेल्या उजळतेच्या भागावर पडद्यात दिसणारे पट्टे) ७० टक्क्यांवर लावा म्हणून सांगतात, तोही गोऱ्या चेहऱ्याचाच आकडा. कोडॅकने १९५० च्या दशकापासून प्रयोगशाळांना रंग जुळवायला जी कार्डं पुरवली, ‘शर्ली कार्ड’ म्हणून ती ओळखली जातात, त्यांवर अनेक वर्षं गोरीच बाई होती. वेगवेगळ्या वर्णांच्या बायका एकत्र असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडलं. हे आकडे आपल्याकडच्या चेहऱ्यांवर तसेच लावले तर आपण कोणाला तरी पाऊण-एक स्टॉप दुसऱ्या माणसाकडे सरकवतो.

या सरकवण्याचा इतिहास आपल्याकडे बराच मागे जातो. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ मध्ये सुरू झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्यातले नावाजलेले फोटोग्राफर. सोसायटीचेच विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांचे फोटो दोन खंडांत छापले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यातल्या अनेक फोटोंत माणसं एकीकडे काढलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची, दोन्ही जोडून एक चित्र केलेलं. जोडणी बघून मला नवल वाटलं नाही. माझ्या कामाला जास्त उपयोगी पडली ती त्या काळी निगेटिव्हसाठी वापरायच्या काचेची मर्यादा. ओल्या कलोडियनच्या काचेला फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. लाल, केशरी, तपकिरी तिला जवळजवळ अंधारच. आकाश कोरं पांढरं यायचं, लाल कापड काळं, आणि आपली तपकिरी त्वचा होती त्याहून कितीतरी गडद. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या माणसांचे चेहरे आज आपण ज्या टोनमध्ये बघतो, तो त्यांचा टोन नव्हता. तिकडे काचेने चेहरा काळा केला, इकडे आपणच तो गोरा करतो.

गोरा करण्याचा स्लायडर खरोखर असतो. लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक रंगाची उजळता वेगळी बदलता येते. आपली त्वचा बव्हंशी केशरीत पडते. केशरीची उजळता वाढवा, केशरीचा दाटपणा थोडा उतरवा, मिनिटभरात माणूस दोन पिढ्या गोरा. या युक्तीचे तयार प्रीसेट विकत मिळतात, लग्नाच्या अल्बमवर ते सर्रास चढतात. जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने ‘टचिंग’ करायचे, त्याला निदान हात लागायचा.

शेजारच्या मावशींनी मुलीचा बायोडाटासाठी फोटो काढायला सांगितला तेव्हा अट एकच होती: ‘थोडी उजळ कर रे, बाकी काही नको.’ मी मुलीला खिडकीपाशी बसवलं, समोरून पांढरी चादर धरायला तिच्याच भावाला उभं केलं. डोळ्यांखालच्या सावल्या तिथेच निघून गेल्या. संगणकावर मधला बिंदू अर्ध्या स्टॉपच्या आतच वर घेतला, आणि तोही फक्त उजळतेवर. साध्या आरजीबी कर्व्हने उठाव वाढवला की रंगाचा दाटपणाही वाढतो आणि चेहरा तांबूस-केशरी होतो, म्हणून. केशरीच्या स्लायडरला हात लावला नाही. चेहरा स्वच्छ दिसत होता, डोळ्यांत खिडकी उतरली होती, आणि रंग तिचा होता. मावशी बराच वेळ बघत राहिल्या. ‘अजून थोडी होईल ना?’ ‘होईल, मावशी. पण मग ती समोर आल्यावर बघणारे हिच्याकडे बघून विचारतील, फोटोतली कुठे आहे.’ मुलगीच म्हणाली, ‘आई, हा माझ्यासारखा आहे, हाच लाव.’ मावशींचं पूर्ण समाधान झालं नाही, पण बायोडाटावर तोच लागला. उजेड वाढवणं आणि रंग उतरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तेव्हापासून फोटो मागणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतो. पहिली मी आनंदाने करतो. दुसरी करत नाही.

काळ्या-पांढऱ्यात गेलं की हाच प्रश्न वेगळ्या वाटेने येतो. उत्तर वसईतल्या कुपारी समाजाच्या एका आजींचा केळीच्या वाडीतला फोटो मी रंगीत काढला होता. लाल लुगडं, मागे हिरवीगार पानं. रंग काढून टाकल्यावर आजी पानांत नाहीशा झाल्या. उजळता मोजताना हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के धरतात, लालचा २१, निळ्याचा ७. त्या हिशेबाने लुगड्याचा गडद लाल आणि पानांचा हिरवा एकाच राखाडीवर येऊन बसले. लाल चॅनल वर नेला तर लुगडं फिकट होतं आणि आजींचा चेहराही पांढुरका पडतो. खाली नेला तर लुगडं उठतं, पण चेहरा कलोडियनच्या काचेसारखा काळवंडतो, कारण त्वचेतही लालच जास्त. मी लालला तसंच ठेवलं आणि पिवळा-हिरवा वर नेला. केळीचं पान उन्हात खरोखरच पिवळट हिरवं असतं. ते उजळलं, आणि लुगडं व चेहरा आपापल्या जागी राहून पुढे आले. ज्याचा टोन बिघडू नये अशी इच्छा आहे त्याला न हलवता त्याच्या शेजाऱ्याला हलवायचं, ही युक्ती मी पुढे मिठागरातही वापरली: चेहरा उठावा म्हणून चेहरा न उजळता मागच्या राशीची सावलीतली बाजू किंचित उतरवायची.

मिठागरात काम करणारी बरीच कुटुंबं डहाणू-तलासरीकडून हंगामापुरती येतात. त्यातल्या एका मावशींचा पाटी उचलतानाचा फोटो मी दोन तऱ्हांनी छापून नेला. एकात मीठ अगदी शुभ्र, दुसऱ्यात पायथ्याच्या मिठाची ओल राखलेली, टोन जरा खालचे. चेहरा दोन्हींत सारखाच ठेवला होता. मला त्यांच्या चेहऱ्याबद्दल ऐकायचं होतं. त्यांनी आधी मीठ बघितलं. दुसऱ्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हे आमचं. खालचं आज काढलेलं हाय, निथळलं नाय अजून.’ आणि पहिल्याकडे बघून, ‘हे दुकानातलं.’ स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही बोलल्या नाहीत. फोटो मात्र दुसराच ठेवून घेतला, सोबतच्या बायकांना दाखवला, आणि त्यांनी लगेच ओळखलं कोण आहे ते. पायथ्याची ती ओल २०५ ते २२५ च्या मधे कुठेतरी होती. तेवढ्या पट्ट्यात आदल्या दिवशीचं आणि आजचं मीठ वेगळं दिसतं हे त्यांना माहीत होतं. मला सॉफ्टवेअरमध्ये ते दिसायला बराच काळ गेला.

राहिली छपाई, आणि तिथे अजून झगडणं चालू आहे. पडदा मागून उजेड टाकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत करतो. साध्या एलसीडीवर काळा आणि पांढरा यांत हजारपट फरक मिळतो, चमकदार फोटो कागदावर शे-दोनशे पट. पडदा पूर्ण उजळ ठेवून रात्री काम केलं की सगळं छान दिसतं आणि प्रिंट अंधारी येते. मी आता पडद्याचा उजेड बराच उतरवून काम करतो आणि प्रिंट दिवसाच्या उजेडात तपासतो. मॅट कागदाचा काळा आणखी फिका, म्हणून चिखलाचे टोन त्याच्यासाठी वेगळे बसवावे लागतात. हे सवयीने जमतं. न जमणारी गोष्ट लॅबच्या यंत्रात आहे. ते यंत्र प्रत्येक फोटो आपल्या समजुतीने दुरुस्त करून छापतं: जास्त पांढरं दिसलं की उतरवतं, सावळा चेहरा दिसला की उजळतं. म्हणजे मिठागरात मीटरने जे केलं असतं तेच शेवटच्या पायरीवर, आणि वर केशरीचा स्लायडरही. मी पाकिटावर ठळक अक्षरांत ‘करेक्शन नको’ लिहून देतो. काउंटरवरचा मुलगा दर वेळी विचारतो, ‘नक्की ना दादा? चेहरे डार्क येतील.’ मी नक्की म्हणतो, आणि एक छोटी प्रिंट आधी काढून मागतो. मिठाची ओल तिच्यात दिसली तरच बाकीच्या काढायला सांगतो.